पायाखालचा पातेरा: मोले आणि म्हादईच्या जंगलात नेमकं कशाला घाबरायचं?

नमस्कार मंडळी! आधी हे बघा. (बोटाचं टोक कॅमेऱ्याजवळ) थांबा, फोकस होऊ दे. दिसलं? घरच्या डब्यातला खसखशीचा दाणा आहे. गोचीड पूर्ण वाढायच्या आधीच्या टप्प्यात जेमतेम एवढी असते. तिला निम्फ म्हणतात. मोलेच्या मागच्या व्हिडिओखाली तुम्ही सगळ्यांनी एकच विचारलंत, "दादा, वाघ दिसला का?" नाही दिसला. पण ट्रेकहून आल्यावर दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेलो, तर गुडघ्याच्या मागे हा दाणा चिकटलेला. तीळच असेल म्हणून नखाने खरवडायला गेलो. तिळाला पाय होते.

तर आजचा व्हिडिओ वाघाचा नाही. पातेऱ्याचा आहे.

घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो, झाडाखाली पडलेला वाळका पाला म्हणजे पातेरा. तुम्ही पाचोळा म्हणता. आमच्या कोकणात तो गोळा करतात, भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला घालतात, गोठ्यात अंथरतात. आणि जंगलात गेलं की आजीचं पालुपद ठरलेलं असायचं, "पातेऱ्यात बसू नको रे झिला." का, ते तिने कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आता जागा डोळ्यांसमोर आणा. गोव्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या उतारावर मोले राष्ट्रीय उद्यान आहे, १०७ चौरस किलोमीटर. भोवतालचं भगवान महावीर अभयारण्य धरलं तर २४० होतात. दूधसागर धबधबा इथलाच. उत्तरेला सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्य, २०८ चौरस किलोमीटर, १९९९ साली जाहीर झालेलं. त्याच्या पलीकडे महाराष्ट्रातलं आमचं दोडामार्ग, तिळारी. नकाशावर मध्ये राज्याची रेघ आहे, पण माकडाला, गोचिडीला आणि वणव्याला ती दिसत नाही.

गोचिडीपासून सुरू करू, कारण लोकांना सगळ्यात कमी माहिती तिचीच आहे.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. तपासात नवा विषाणू सापडला. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी, म्हणजेच आपला माकडताप. माणसाला तो होतो गोचिडीच्या चाव्यातून. कित्येक वर्षं तो शिमोग्याच्या आसपासच राहिला. मग २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आला आणि २०१६ च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढे बांद्याकडेही रुग्ण सापडले. त्यात बरेच जण काजूच्या बागेत काम करणारे होते.

काजूच्याच बागेत का? बघा, काजू गोळा करायचा म्हणजे काय करायचं? बोंडू, म्हणजे काजूचं फळ, खाली पडतो. तुम्ही ओणवे होता, पातेरा हाताने बाजूला सारता, बोंडू उचलता, बी पिळून काढता. हे तासन् तास, उघड्या हातांनी आणि बऱ्याचदा अनवाणी. हंगाम फेब्रुवारी ते मे. आणि निम्फचा जोर कधी? डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे माणूस आणि गोचीड एकाच पातेऱ्यात, एकाच महिन्यात.

यात माकडाचं काय? लाल तोंडाचा केलडा असो की काळ्या तोंडाचा वानर, या विषाणूने दोघंही मरतात. माकड मेलं की अंग थंड पडतं आणि त्याच्या रक्तावर जगणाऱ्या गोचिड्या उतरून आजूबाजूच्या पाल्यात पसरतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही. हात लावायचा नाही, फोटोसाठी काठीने उलटंपालटं करायचं नाही. आणि हो, मारुतीरायाचा अवतार म्हणून खांद्यावरून मिरवत नेऊन पुरायचंही नाही. भावना समजते मला, पण त्या मिरवणुकीत गोचिड्याही चालतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा, ते त्या जागेवर कीटकनाशक मारतात आणि नमुने घेतात.

ताप कसा ओळखायचा? गोचीड चावल्यावर ३ ते ८ दिवसांनी एकदम थंडी वाजून सणसणीत ताप येतो. कपाळ ठणकतं, पोटऱ्या आणि कंबर पिळवटून निघते, उलट्या होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. बहुतेक जण बरे होतात. शंभरात तीन ते पाच दगावतात. आणि याची एक खोड आहे. काही जणांना आठवडा-दोन आठवडे अगदी बरं वाटतं आणि मग ताप परत फिरतो. या वेळी त्याचा रोख मेंदूकडे असतो. मान आखडते, हात थरथरतात, माणूस बरळतो. म्हणून डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हे म्हणा, "मी जंगलात गेलो होतो." पुण्या-मुंबईच्या डॉक्टरच्या डोक्यात डेंग्यू असतो, मलेरिया असतो. केएफडी तुम्ही आठवण करून द्याल तेव्हा येईल. यावर नेमकं औषध नाही, वेळेत ॲडमिट होऊन सलाईन आणि देखरेख हाच उपचार. एकाचा दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरातल्या आजारी माणसाला वाळीत टाकू नका.

गोचीड चिकटलेली दिसली तर? कुणी चुना लावतो, कुणी रॉकेल, कुणी उदबत्तीचा चटका देतो. यातलं काही करू नका. डिवचली गेली की ती पोटातलं तुमच्यातच ओकते. बारीक चिमटा घ्या, कातडीला अगदी टेकवून तिच्या तोंडापाशी धरा आणि सरळ वर ओढा, हिसका न देता. नंतर साबण. बोटांनी चिरडू नका. (चिमटा दाखवत) हा भुवया कोरायचा चिमटा आहे, बायकोचा, आता माझ्या सॅकमध्ये कायमचा बदली होऊन आलाय. जाण्याआधी हातापायांना गोचीड दूर ठेवणारं तेल लावा. त्या भागातल्या आरोग्य केंद्रांत डीएमपी नाहीतर डेपा तेल मागून बघा. पँट मोज्यात खोचा, फोटोत बावळट दिसाल, दिसू दे.

आता हाच पातेरा दुसऱ्या बाजूने बघू.

(वाळकं पान मुठीत चुरडतो) ऐकलंत? असा आवाज आला की समजायचं, हे आता पान नाही, काडीपेटीतली काडी आहे. ५ मार्च २०२३. म्हादई अभयारण्यात सात्रेच्या डोंगरावर आग दिसली. पुढचे जवळजवळ दोन आठवडे गोव्यात कुठे ना कुठे वणवा पेटत राहिला, ७० पेक्षा जास्त ठिकाणी. मोलेच्या भागातही. नौदल आलं, हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं आली, खाली लटकवलेल्या बादल्यांतून डोंगरावर पाणी सोडत होती. गोव्यात, जिथे लोकांच्या डोक्यात जंगल म्हणजे जळवा आणि चिखल!

त्याला तसं कारणही होतं. त्या वर्षीचा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला फेब्रुवारी ठरला होता, सरासरी कमाल तापमानाच्या हिशोबाने. एरवी सावलीत दमट राहणारा पाला कडकडीत वाळला. पण वाळला म्हणून आपोआप पेटत नाही हं. आपल्याकडे वणवा जवळपास नेहमी माणसाच्या हातून लागतो. कुणी काजूखालची साफसफाई करायला कचरा पेटवतो, कुणी गुरांना नवं गवत फुटावं म्हणून सडा, म्हणजे कातळाच्या पठारावरचं गवत, जाळतो, कुणी मोहोळाला धूर करतो, कुणी चालत्या गाडीतून विडी टाकतो. अभयारण्यात आग लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याचं कलम वाचून कुणी काडी विझवत नाही. बोंडू दिसावा म्हणून पाला जाळणाऱ्याला मी खलनायक करणार नाही, त्याचं वर्षाचं गणित त्या दोन-तीन महिन्यांत बसतं. मला राग येतो तो रात्री कॅम्पफायर करून, निखाऱ्यावर माती लोटून निघून जाणाऱ्या आमच्याच ट्रेकर जमातीचा. माती टाकली की निखारा विझत नाही, झाकला जातो. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, मग तळहात वर धरून बघा.

हा वणवा सिनेमातल्यासारखा नसतो. ज्वाळा बऱ्याचदा गुडघ्याएवढ्याच असतात, पातेऱ्यातून सरपटत जातात. म्हणून माणूस गाफील राहतो. पण ओंडक्याच्या पोटात आग दिवसभर धुमसते आणि दुपारचा वारा सुटला की पुन्हा उठते. विझवणारे वनरक्षक आणि मजूर हिरव्या फांद्यांनी झोडपतात, पाठीवरच्या ब्लोअरने पाला उडवून जमीन उघडी करतात. उन्हाळ्याआधी जी जाळरेषा काढतात तीही हीच, पातेरा काढून टाकलेला एक पट्टा. आगीला खायला मिळालं नाही की ती थांबते.

तुम्ही उतारावर असाल आणि खालून धूर येत असेल तर वर पळू नका. आग चढावर जोरात धावते, कारण तिची धग वरचा पाला आधीच भाजून ठेवते. तुम्हाला धाप लागते, तिला लागत नाही. बाजूला सरका, ओढ्याकडे, कातळाकडे, नाहीतर जळून गार झालेल्या जमिनीवर. जे एकदा जळलंय ते पुन्हा जळणार नाही. अंगात सुती कपडे असू देत. ते ट्रेकिंगचे चकचकीत टीशर्ट वितळून कातडीला चिकटतात.

जूनमध्ये हाच पातेरा कुजतो, कातळावर बुळबुळीत थर धरतो. मग सुरू होतो धबधब्यांचा हंगाम. जुलै २०२३ मध्ये दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघं बुडाले आणि वनखात्याने धबधब्यांवर जायला बंदी घातली. त्याच महिन्यात दूधसागरला रुळांवरून निघालेली पब्लिक पोलिसांनी अडवली आणि उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ तुम्ही हसत हसत फॉरवर्ड केला असणार. मीही केला. उठाबशांनी काही साधतं असं मला वाटत नाही, पण बंदीमागचं कारण खरं आहे. दूधसागरचं पाणी वरून, कर्नाटकाच्या हद्दीतल्या कॅसलरॉककडून येतं. तिथे ढग फुटले तरी खाली तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं. १४ ऑक्टोबर २०२२ ला असंच पाणी चढलं, खालचा छोटा पूल मोडला आणि पलीकडे अडकलेल्या चाळीसेक पर्यटकांना जीवरक्षकांनी बाहेर काढलं. तारीख बघा, ऑक्टोबर. पाऊस संपला म्हणून निर्धास्त असतो आपण. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या आणि पातेरा वाहून यायला लागला, की सेल्फी अर्धी टाकून काठावर या.

सापांचं थोडक्यात. सड्यावर दगडाखाली फुरसं, जंगलात पातेऱ्याच्या रंगाचा चापडा. आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, चापड्यावर नाही. तरी दवाखान्यातच जायचं, १०८ ला फोन करायचा. चिरा, चोखणं, दोरी आवळणं, यातलं काही नाही.

आणि वाघ, विचारलात म्हणून सांगतो. म्हादईतल्या वाघांची एक मोठी बातमी जानेवारी २०२० ची आहे. गोळावली गावाजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गुरं मारली म्हणून विष घातलं होतं.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, मग जायचंच नाही का? जा की. मी ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरमध्ये जातो. पाणी उतरलेलं असतं आणि पाला अजून झाडावर असतो. गेटवर परवानगी काढतो, बसायला पातेरा नाही, उघडा कातळ शोधतो. परत आलो की कपडे अंगणातच काढून थेट गरम पाण्यात, मग आरशासमोर काखा, जांघा, कानामागे, गुडघ्याच्या मागे. पाठ बघायला कुणीतरी लागतं.

आजचं शूट जंगलाच्या कडेलाच केलंय, त्यामुळे तेच आता करायचंय. कॅमेरा बंद कर रे, पाठ बघ माझी.