हापशीवरचे दहा मिलिव्होल्ट

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. सकाळ. हापशीशी ओळीत ठेवलेल्या घागरी.)

दांडा दोन-चार वेळा नुसताच खडखडतो, मग धार लागते. गार, नितळ पाणी. घागर भरता भरता मावशी म्हणतात, "पानी त काचेवानी हाये ना, मॅडम."

मॅडम संशोधक आहेत. पाण्यात आणि मातीत काय विरघळलंय, ते विजेच्या दाबावरून ओळखणारे सेन्सर हे त्यांचं काम. मावशींचं बोलणं त्या खोडत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या नातवाकडे बघतात. पोरगं हसतं, आणि पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, मध्येच तपकिरी डाग.

हे फ्लोराइड आहे. दात घडत असतानाच ते आत बसतं, नंतर घासून जात नाही. असंच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की पाळी हाडांची येते. कंबर धरते, मान वळेनाशी होते. आपल्या देशात या आजाराची नोंद १९३७ साली झाली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात. महाराष्ट्रात यवतमाळ आणि चंद्रपूरच्या गावांना तो चांगलाच ठाऊक आहे.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी उकळलं तरी ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. ते येतं खडकातून. पाणी जमिनीखाली खडकाच्या जितकं जास्त काळ सहवासात, तितकं ते खडकातलं घेतं. पाण्यात कॅल्शियम कमी असेल, तर हे फ्लोराइड विरघळलेलंच राहतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी खोल बोअरचं पाणी दिसायला उत्तम आणि प्यायला वाईट निघतं.

(दृश्य: जीपच्या बॉनेटवर उघडलेली पेटी. पेनाएवढी काळी कांडी.)

या कांडीच्या टोकाला लँथनम फ्लोराइडचा एक स्फटिक बसवलेला आहे. १९६६ साली अमेरिकेत मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस या दोघांनी हा इलेक्ट्रोड जगापुढे ठेवला. स्फटिकात युरोपियम किंचित मिसळलं, की त्याच्या जाळीत रिकाम्या जागा तयार होतात. फ्लोराइडचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, त्या जागांमधून उड्या मारत सरकतो. बाकीच्यांना सहसा तिथे वाट मिळत नाही. त्यातून स्फटिकावर जो विद्युतदाब तयार होतो, तो मीटर मोजतो.

२५ अंश तापमानाला फ्लोराइड दहापट झालं, की हा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने उतरतो. आता आपलं भारतीय मानक बघा: पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. या दोन आकड्यांमधलं अंतर इलेक्ट्रोडच्या लेखी जेमतेम १० मिलिव्होल्ट आहे. टॉर्चमधल्या एका सेलच्या दाबाचा साधारण दीडशेवा भाग! एका मिलिव्होल्टची चूक झाली, तरी उत्तर चार टक्क्यांनी हलतं.

म्हणूनच मॅडम लगेच मोजायला बसत नाहीत. आधी बादलीभर पाणी हापसून घेतात आणि प्रमाण द्रावणाच्या, म्हणजे किती फ्लोराइड आहे ते आधीच माहीत असलेल्या द्रावणाच्या, बाटल्या त्यात बुडवून ठेवतात. जीपमध्ये तापलेलं द्रावण आणि जमिनीतून आलेलं गार पाणी यांचं तापमान एक झाल्याशिवाय तुलना खोटी. ४५ अंशांना तेच ५९ मिलिव्होल्ट ६३ होतात, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद गाडी त्याहून तापते. ही बादली कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, पण मला विचाराल तर अर्धं संशोधन त्या बादलीत आहे.

मग नमुन्यात त्याच्याएवढंच बफर, म्हणजे पाण्याचा सामू (पीएच) आवरणारं आणि ॲल्युमिनियमच्या पकडीतून फ्लोराइड सोडवणारं द्रावण. पाणी अल्कधर्मी असेल, तर हायड्रॉक्साइडचा आयन आकाराने फ्लोराइडसारखाच असल्यामुळे स्फटिकाला चकवतो. ॲल्युमिनियम असेल, तर ते फ्लोराइडला धरून बसतं आणि आकडा खोटाच कमी येतो. याला इथे फार महत्त्व आहे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नालगोंडा पद्धत' नागपूरच्या नीरी संस्थेनेच विकसित केली, आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम. शुद्ध केलेलं पाणी बफरशिवाय मोजलं, तर गाव फसेल.

(दृश्य: शेत. कापसाच्या रिकाम्या ओळी, भेगाळलेली काळी जमीन.)

मातीत हे काम आणखी अवघड. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. ओलीत पुरलेला नायट्रेटचा सेन्सर दोन महिन्यांनी भेगेत लोंबकळताना सापडतो. मातीचा स्पर्शच सुटलेला, पण मीटर आकडे दाखवतच असतो. म्हणून आजही मॅडम खात्रीसाठी ढेकूळ फोडून, चाळून, पाण्यात कालवून सामू आणि क्षार तपासतात. शेतातला सेन्सर रोज बोलेल, युरियाचं किती नायट्रेट पिकाला लागलं आणि किती विहिरीकडे निघालं ते सांगेल, यासाठी त्यांची धडपड आहे. मला ती अगदी पटते. तालुक्याला पाठवलेल्या नमुन्याचा कागद येईपर्यंत खताचा हप्ता टाकून झालेला असतो.

(दृश्य: पुन्हा हापशी. मीटरचा जवळून घेतलेला शॉट.)

कांडी तिरपी धरून पाण्यात सोडली. स्फटिकाखाली अडकलेला बुडबुडा टिचकीने उडवला. आकडा सरकतो, थांबतो, परत सरकतो. मावशी घागर खाली ठेवून बघत उभ्या. दोन मिनिटांनी तो स्थिरावतो. दीडच्या पुढे.

"मंग आता?"

"भांडी घासा, कपडे धुवा, मावशी. हे प्यायचं नाही, रांधायलाही नाही. पोराला तर अजिबात नको."

मावशी गावाबाहेरच्या जुन्या विहिरीकडे हात करतात. हापशी आली तेव्हा पिण्यासाठी ती सोडली. जंतूंच्या भीतीने सोडली, आणि ती भीती खरीच होती. उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी असतं. जंतूंसाठी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकता येतं, ते काम गावच्या जलसुरक्षकाला येतं.

मॅडम कांडी धुतात, कागदाने टिपतात, टोपण लावतात. मावशींनी दोर आणलाय. नातू बादली उचलतो, आणि तिघं विहिरीची वाट धरतात.