दाद कुणाला, कागदाला की गळ्याला?

श्रोतेहो, नमस्कार.

रॅप बॅटल म्हणजे दोन रॅपरांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांना शब्दांनी चीत करायची लढत. तिथं परीक्षकाच्या खुर्चीत बसलं, की एक तक्रार हमखास कानावर येते. "सर, लिखाण माझं भारी होतं, आणि जिंकला तो. नुसती ॲक्टिंग केली त्यानं!" तक्रार करणारा पोरगा बहुतेकदा खरंच चांगला लिहिणारा असतो. तरीही माझे गुण मी बदलत नाही. का, ते आज सांगतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधली 1981 सालची एक लढत रॅपच्या इतिहासात फार गाजलेली आहे. हार्लेम वर्ल्ड नावाचा क्लब. एका बाजूला बिझी बी, गर्दीला हसवण्यात, आपल्यामागून ओळी म्हणायला लावण्यात पटाईत. दुसऱ्या बाजूला कूल मो डी. मो डीनं त्या रात्री बिझी बीचं ते ठरलेलं 'बा-डिडी-बा' पालुपद भर सभेत उडवून लावलं आणि शब्दांनी त्याला सोलून काढलं. त्या लढतीच्या कॅसेटी हातोहात फिरल्या. लिखाणानं करमणुकीवर मात केली, असं तेव्हापासून सांगतात. मला ते अर्धंच पटतं. ते ध्वनिमुद्रण ऐका. मो डी भरधाव म्हणतो, पण एकही अक्षर गिळत नाही. त्याचे शब्द धारदार होते यात वादच नाही, पण ती धार लोकांच्या कानापर्यंत पोचवली त्याच्या जिभेनं.

आता बहुतेक मोठ्या लढती बीटशिवाय होतात. अमेरिकेतली यूआरएल, कॅनडातली किंग ऑफ द डॉट, फिलिपिन्समध्ये 2010 साली सुरू झालेली फ्लिपटॉप, अशा लढती भरवणाऱ्या या लीगमध्ये सगळीकडे साधारण तीच पद्धत. समोरासमोर दोघे, बहुधा तीन राउंड, ओळी आधीच लिहून पाठ केलेल्या. ताल धरायला खाली संगीत नाही, म्हणजे सगळा भार श्वासावर आणि थांबण्यावर. आणि पाठ केलेलं मध्येच विसरलं, ज्याला पोरं 'चोक' म्हणतात, तर तो राउंड जवळजवळ गेलाच. उरलेल्या ओळी वहीत कितीही सुंदर असोत.

आता एक ओळ घेऊ. मीच जुळवलेली आहे, फार अपेक्षा ठेवू नका.

"आजी म्हणते, रोज रात्री त्याचं गाणं लाव, बाळा,
डॉक्टरांनी बंद केल्यात तिच्या झोपेच्या गोळ्या."

'बाळा'वर थांबायचं. समोरच्याला क्षणभर वाटलं पाहिजे, अरे, हा माझी स्तुती करतोय की काय! दुसरी ओळ साध्या आवाजात, जणू घरातली बातमी सांगतोय अशी. आणि शेवटचा शब्द स्वच्छ. नवखे इथंच मार खातात. ओळीच्या शेवटी दम संपतो, 'गोळ्या' घशातच राहतात, आणि पंचलाइन गेली पाण्यात. काहीजण उलटं करतात. हशा पिकलेला असतानाच पुढची ओळ रेटतात. ती ओळ कुणालाच ऐकू येत नाही, आणि जी ऐकू आली नाही तिला मी गुण देत नाही. वही दाखवली तरी नाही.

पण डिलिव्हरी, म्हणजे ओळ म्हणण्याची ही ढब, म्हणजे आरडाओरडा नव्हे. पहिल्या शब्दापासून किंचाळत सुटलेल्याला तिसऱ्या राउंडमध्ये चढवायला आवाजच उरत नाही. आणि मित्रांची टोळी आणून करवून घेतलेला कल्ला वेगळा. म्हणून माझा शिरस्ता असा आहे, की राउंड संपला की टाळ्या ऐकण्याआधी आकडा कागदावर टाकायचा. नंतर त्याला हात लावायचा नाही. पुढे व्हिडिओ पाहणारे वेगळा निकाल देतात, देऊ देत. ते ओळ तीनदा मागे नेऊन ऐकतात. सभागृहात ती एकदाच येते.

आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचा दाखला इथं कुणीतरी देणारच. तोही शाहिरांचा सामनाच. पण त्यात एक मेख आहे. एका फडानं कूट घातलं, पुराणातला सवाल टाकला, की दुसऱ्याला त्याचा जवाब द्यावाच लागतो. गळा कितीही गोड असो, जवाब नाही आला तर तो निरुत्तर. रॅप बॅटलमध्ये बरोबर उत्तर असं काही नसतंच. समोरच्यानं अपमान केला, तुम्ही त्याहून झोंबणारा करायचा. झोंबला की नाही, हे म्हणण्यावर ठरतं. त्यामुळे कलगी-तुऱ्याची फूटपट्टी इथं जशीच्या तशी चालत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. धारावीतली पोरं तमिळ, हिंदी, मराठी अशा भाषांत रॅप करतात, कधी एकाच दमात. मला तमिळ येत नाही. तमिळ राउंडमध्ये मला फक्त आवाज, थांबे आणि समोरच्याचा उतरलेला चेहरा कळतो, आणि खरं सांगतो, तेवढ्यावर मी सहज भुलू शकतो. एखाद्या टुकार शिवीलाही दाद देऊन बसेन. तेव्हा आयोजकांनो, लढत ज्या भाषांत होणार, त्यातली प्रत्येक भाषा घरात बोलणारा निदान एक परीक्षक बसवा. आणि तमिळ राउंडचे गुण माझ्याकडे मागू नका.

नमस्कार.