डब्लिनची ट्राम चौकात का अडकली?

डब्लिनमध्ये लुआस ट्रामच्या दोन मार्गिका २००४ मध्ये सुरू झाल्या, पण त्या एकमेकींना भेटत नव्हत्या. हिरवी मार्गिका दक्षिणेकडून येऊन सेंट स्टीफन्स ग्रीनला संपायची. लाल मार्गिका लिफी नदीच्या उत्तरेला ॲबी स्ट्रीटवरून जायची. मधलं अंतर लोक चालत कापायचे. ही फट बुजायला ९ डिसेंबर २०१७ उजाडला. विस्तार जवळजवळ सहा किलोमीटरांचा, थांबे १३, खर्च ३६.८ कोटी युरो. उत्तरेला ब्रूमब्रिजकडे जाताना ट्राम ब्रॉडस्टोन स्थानकाच्या जुन्या रेल्वेमार्गातून जाते. ते स्थानक १९३७ मध्येच प्रवाशांसाठी बंद झालं होतं. रस्त्यापासून वेगळी वाट असल्यामुळे तिथे ट्राम सुखात आहे. आपल्याला बोलायचंय ते भर शहरातल्या तुकड्याबद्दल.

जमिनीखालची कामं २०१३ पासून सुरू झाली. रुळांखाली पाण्याची, गॅसची किंवा विजेची वाहिनी ठेवून चालत नाही, कारण ती दुरुस्त करायची तर ट्राम बंद ठेवावी लागते. म्हणून आधी सगळ्या वाहिन्या बाजूला न्यायच्या. डब्लिनमध्ये त्यात भर पडली ती फुटपाथ-रस्त्याखाली शिरलेल्या जुन्या तळघरांची. मॉली मलोनचा प्रसिद्ध पुतळासुद्धा २०१४ मध्ये हलवावा लागला. हे सगळं त्रासाचं, पण अपेक्षित. खरी कसोटी गाडी धावू लागल्यावर लागली.

मध्य शहरात मार्ग दुभंगतो. उत्तरेकडे जाणारी ट्राम ओ'कॉनेल पुलावरून आणि ओ'कॉनेल स्ट्रीटवरून जाते. परतीची ट्राम मार्लबरो स्ट्रीटवरून, रोझी हॅकेट पुलावरून कॉलेज ग्रीन या चौकाकडे येते. म्हणजे या वळशात प्रत्येक दिशेला एकच रूळजोडी. शिवाय ॲबी स्ट्रीटवरची लाल मार्गिका या दोन्ही रस्त्यांना त्याच पातळीवर छेदते. त्या छेदावर एक ट्राम बंद पडली की दोन्ही मार्गिका ठप्प! बस बंद पडली तर मागची बस वळसा घालून निघते, ट्रामला ती सोय नाही. अशा वेळी ट्राम त्या जागेच्या अलीकडेच, सांधे बदलून माघारी फिरता येईल अशा थांब्यावरून परत पाठवतात, आणि मधला टप्पा प्रवाशांना पायी किंवा बसने पार करावा लागतो.

मोठी कोंडी मात्र कोणतीही ट्राम न बिघडता झाली. कॉलेज ग्रीनमधून खासगी मोटारींना गर्दीच्या वेळी २००९ पासूनच मज्जाव होता, तरी बस आणि टॅक्सी भरपूर होत्या. त्यात ट्राम आली. बस रखडू लागल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये काही बसमार्ग तिथून दुसरीकडे वळवावे लागले.

याचं गणित समजून घेऊ. हिरव्या मार्गिकेवरची त्या वेळची नेहमीची ट्राम सुमारे ४३ मीटर लांब होती, नवी ५५ मीटर. ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला चार मीटरांच्या किंचित वर वेग धरला, तर २५ मीटर रुंद चौकातून पूर्ण बाहेर पडायला पहिलीला सुमारे १६ सेकंद लागतात आणि दुसरीला १९. तीन सेकंदांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते ट्राम उभी राहिल्यावर. चौकापलीकडे ५५ मीटर मोकळे नसतील तर तिचं शेपूट चौकातच राहतं आणि आडवी वाहतूक थांबते. चार बस एकामागोमाग उभ्या राहिल्या की तेवढीच जागा खाऊन टाकतात. म्हणून ट्रामला एका सिग्नलवर अग्रक्रम देऊन भागत नाही. पुढची जागा रिकामी असेल तरच मागचा सिग्नल खुला करायचा, असे दोन-तीन चौक एकत्र बांधावे लागतात.

दुसरी अडचण थांब्यावरची. ट्राम येतेय हे सिग्नलला आधी कळवलं, पण दार बंद व्हायला वीस सेकंद जास्त लागले, तर मिळालेला हिरवा दिवा वाया जातो, आणि त्यासाठी थांबवलेल्या बसही फुकट थांबतात. त्यामुळे चौकाला लागून थांबा असेल तिथे दारं बंद झाल्यावरच सिग्नलकडे हिरव्या दिव्याची मागणी जावी, हे बरं. उद्घाटनाआधीच्या चाचण्यांत हा दोष दिसत नाही, कारण तेव्हा डबे रिकामे असतात. त्यातून उद्घाटन नाताळच्या खरेदीच्या ऐन हंगामातल्या शनिवारी! याहून अवघड मुहूर्त निवडणं कठीण होतं.

सायकलवाल्यांसाठी वेगळीच अडचण. रुळाची खाच साधारण चार सेंटिमीटर रुंद असते, सायकलचं बारीक टायर तीत सहज अडकतं. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावा, ओला असताना तर नक्कीच, आणि त्यावर ब्रेक दाबू नये. पण शेजारी बस चिकटून चालली असेल तर काटकोन साधायला जागा कुठून आणायची? तिथे सल्ल्याचा उपयोग नाही, रस्त्याची आखणीच बदलावी लागते.

गर्दीवर उपाय लांबीचा निघाला. आधी ५५ मीटरांच्या सात ट्राम आणल्या, मग हिरव्या मार्गिकेवरच्या जुन्या २६ ट्राम जादा भाग जोडून तेवढ्याच लांब केल्या. कॉलेज ग्रीनला फक्त पादचाऱ्यांचा चौक करायचा बेत मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये नियोजन मंडळाने नामंजूर केला. बसचं काय होणार, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. आता ब्रूमब्रिजपासून पुढे फिंग्लसकडे सुमारे चार किलोमीटरांचा टप्पा आखला आहे. तिथून शहरात येणारी प्रत्येक ट्राम याच एकेरी वळशात शिरणार आहे.