वाम हातातून निसटते तसा न्यूमोनियाचा जंतू

नमस्कार मंडळी! (परात कॅमेऱ्यासमोर धरून) ही वाम मासळी. आज सकाळीच म्हापशाच्या बाजारातून आणलीय. बघा हं, धरते... गेली. परत धरते... गेली परातीत! अंगावर नुसती बुळबुळ आहे, तरी माझे दोन्ही हात हरले.

काही जिवाणूंनी हीच युक्ती साधलीय. पेशीभित्तीच्या बाहेर ते बहुधा साखरेच्या लांबलचक साखळ्यांचा, पाण्याने फुगलेला थर गुंडाळून घेतात. त्याला म्हणतात कॅप्सूल. औषधाची गोळी नव्हे हां! चिरलेल्या भेंडीची तार आठवा. क्लेब्सिएला नावाच्या जंतूच्या काही प्रकारांत तर प्रयोगशाळेतल्या ताटलीवरून तो उचलताना खरोखरच तार निघते. 5 मिलिमीटरपेक्षा लांब निघाली, की तपासणारे सावध होतात.

कॅप्सूल स्वतः विष नाही. मग माणूस आजारी का पडतो? आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण त्यासाठी आधी तो पकडीत यावा लागतो. जंतूला चिकटून त्याच्यावर खूण करणारी प्रथिनं रक्तात असतात. ती या थराखाली, आत भिंतीवर जाऊन बसतात. पांढरी पेशी बाहेरून चाचपडते, तिच्या हाताला ती खूण लागतच नाही. तेवढ्यात जंतू वाढत जातो.

1928 साली फ्रेडरिक ग्रिफिथने उंदरांना न्यूमोनियाचे जंतू टोचले. कॅप्सूलवाल्यांनी उंदीर मेले, बिनकॅप्सूलवाल्यांनी जगले. हा प्रयोग पुढे डीएनएच्या शोधासाठी गाजला, पण मला त्यातली ही साधी गोष्टच जास्त आवडते.

आता वाम धरायची कशी? मासे कापणाऱ्या मावशीला विचारा. "राख लाव गो बाय!" (राख चोळून) बघा, धरली!

ही राख म्हणजे अँटीबॉडी, त्या जंतूसाठी शरीराने खास बनवलेलं प्रथिन. ती कॅप्सूलच्या वरच चिकटते आणि पांढऱ्या पेशीला पकड मिळते. न्यूमोकोकस म्हणजे तोच न्यूमोनियाचा जंतू. शरीराने ही राख बनवावी, म्हणूनच त्याच्या लशीत कॅप्सूलचीच साखर असते. अडचण अशी, की या जंतूच्या कॅप्सूलचे सुमारे 100 प्रकार आहेत आणि एकाची राख दुसऱ्याला सहसा चालत नाही. लशीत त्यातले नेहमी त्रास देणारे मोजकेच घेतात. शिवाय दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला फारशी दाद देत नाही. म्हणून ती साखर प्रथिनाला जोडून देतात. पीसीव्ही नावाची लस ती हीच. सरकारी केंद्रात फुकट मिळते: 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिन्यांना.

असे निसटणारे जंतू रक्तातून गाळून काढायचं मोठं काम पानथरीचं, म्हणजे प्लीहेचं (स्प्लीन). अपघातात वगैरे कुणाची पानथरी काढली असेल, तर लशींबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि अशा माणसाला ताप आला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

एका वामेला मात्र राख सहसा लागतच नाही. मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकसचा बी प्रकार. त्याच्या कॅप्सूलची साखर आपल्या मेंदू-नसांच्या पेशींवरच्या साखरेसारखीच असते. शरीराला तो घरचाच वाटतो, मग राख लावणार कोण? त्याच्यावरची लस बनवणाऱ्यांनी शेवटी कॅप्सूलचा नाद सोडला आणि जंतूच्या अंगावरची प्रथिनं धरली.