मुकादमाचा आवाज का चढला?

सकाळचे सहा. पंचवटीतलं घर, गंगेवरून घंटा ऐकू येतायत, आणि आमची मावशी फ्रिजवरची बाटली उघडून एक बारीकशी गोळी पाण्याबरोबर गिळते, मग अर्धा तास चहा नाही, आणि हा तिचा दिवसातला सगळ्यात अवघड अर्धा तास. "मला थायरॉइड आहे ना," म्हणते. अगं मावशी, तो सगळ्यांनाच असतो! गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखी ग्रंथी, वजन जेमतेम 20 ग्रॅम. ती बिघडली कशाने, हे एकदा गोळी सुरू झाली की कोणी विचारत नाही.

पहिल्या रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वाढलेला होता. घरात सगळ्यांना वाटलं ग्रंथी जोरात चाललीय. पण हे उलटं असतं. दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत मुकादम असतो बघा, मजूर ढिले पडले की त्याचा आवाज चढतो, तसा टीएसएच हा मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाच्या ग्रंथीत बसलेला मुकादम. तो ओरडतोय म्हणजे खाली काम थंडावलंय.

का थंडावलं? मावशीच्या मते कोबीमुळे, तीन वर्षं झाली घरात कोबी बंद. शेजारच्या काकू म्हणतात टेन्शन. मग अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडींची टेस्ट केली तर ते वाढलेले, म्हणजे मावशीचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला परकी समजून हळूहळू पोखरत होती. याला हाशिमोटो म्हणतात, 1912 मध्ये ज्या जपानी डॉक्टरने हे पहिल्यांदा लिहून ठेवलं त्याचं नाव. बायकांमध्ये जास्त, आणि घराण्यात चालत येतं, मावशीच्या आईचा गळा सुजलेला असायचा ते आता सगळ्यांना आठवतंय.

आयोडीनची भानगड वेगळी. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम पुरतं, पण थायरॉइडचं हार्मोन त्याच्याशिवाय बनतच नाही. गलगंडासाठी सरकारी कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला आणि मग आयोडीनवालं मीठ घरोघरी आलं. आता मात्र हेल्दी म्हणून नुसतं सैंधव वापरणारे वाढलेत आणि त्यात सहसा वरून आयोडीन घातलेलं नसतं. मावशीची मिठाची बरणी तर शेगडीला चिकटून, झाकण कायम उघडं, त्यानेही आयोडीन उडतं.

आणि मावशीची सून. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी छातीत धडधड, झोप नाही, मग एकदम गळून गेली, केस मुठीने गळायचे. सगळे म्हणाले बाळंतपणाचा अशक्तपणा, डिंकाचे लाडू खा. ग्रंथीला सूज आली होती, साठवलेलं हार्मोन आधी भसकन बाहेर पडलं आणि नंतर कोठार रिकामं. बऱ्याच जणींचं हे आपोआप बरं होतं, तिचं झालं, पण कोणीतरी टेस्ट केली म्हणून कळलं तरी.

जास्त चालणारी ग्रंथी म्हणजे बहुतेक वेळा ग्रेव्हज नावाचा आजार. यात प्रतिकारशक्ती असे अँटीबॉडी बनवते जे हुबेहूब टीएसएचसारखे वागतात. खोटा मुकादम! तो सुट्टीच देत नाही, खरा बिचारा गप्प बसतो, म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच जवळपास शून्य. माणूस भरपूर खाऊन वाळतो, हात थरथरतात, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, सिगरेट ओढत असेल तर डोळ्यांचं आणखी वाईट. कधी ग्रंथीतली एखादी गाठच स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवत सुटते. काही औषधंही कारण असतात, लिथियम ग्रंथीला मंदावतं, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन दोन्हीकडे ढकलू शकतं.

साडेसहा वाजले. मावशी गॅस पेटवते, आधण ठेवते.

"म्हणजे कोबीचं काही नव्हतं?"

शिजवलेला, भाजीपुरता, काही नव्हतं.

"मग तीन वर्षं मला कोणी बोललं का नाही?"