गुरगुर: चावण्याआधीचा आवाज

हाड राखणाऱ्या एखाद्या कुत्र्याकडे नीट पाहा. हाडावर पंजा, मान ताठ, शेपूट स्थिर, नजर तिरकी. तोंड जवळजवळ मिटलेलं, तरी घशातून खालच्या पट्टीतला एकसारखा आवाज येतोय. ही गुरगुर.

भुंकण्यात जबडा उघडतो, आवाज तुटक असतो आणि लांबवर पोहोचतो. गुरगुर मात्र जवळ आलेल्यासाठी असते. श्वास दाबून हळूहळू सोडला जातो, स्वरतंतू संथ कंप पावतात आणि 'गुर्र' ऐकू येतं. मराठीनं हाच आवाज दोनदा घेऊन क्रियापद केलं, फुरफुरणे आणि किरकिरणे यांच्यासारखंच. ते अकर्मक आहे, म्हणून 'कुत्रा गुरगुरला' म्हणायचं. 'कुत्र्याने गुरगुरले' कानाला खटकतं. राग ज्याच्यावर, त्याला 'वर' लागतो: पाहुण्यावर गुरगुरला.

माणसालाही हा शब्द चपखल बसतो. 'माझ्यावर गुरगुरू नकोस' म्हणताना समोरचा ओरडत असतोच असं नाही. राग दबका असतो, पण त्यात जरब असते. कुरकुर आणि गुरगुर यांची गल्लत करू नये. कुरकुरीत तक्रार असते, गुरगुरीत धमकी. शिक्षणाला वाघिणीचं दूध म्हणतात आणि ते पिणारा गुरगुरणारच असं सांगतात, तेव्हा तर या शब्दाला स्वाभिमानाचं तेज चढतं.

मांजराच्या बाबतीत जपून. मांडीवर डोळे मिटून पडलेल्या मांजराच्या आवाजालाही काही जण गुरगुर म्हणतात. त्याला घुरघुर म्हणणं बरं. ती श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा चालू राहते. चिडलेल्या मांजराचे कान मागे चिकटतात, गुरगुर लांबते आणि मग ते फिस्कारतं.

कुत्र्याची प्रत्येक गुरगुरही रागाची नसते. दोरी ओढण्याच्या खेळात ती आखूड आणि भरभर येते, अंग सैल असतं. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हाडाकडे निघालेल्या कुत्र्यांना रेकॉर्ड केलेल्या गुरगुरी ऐकवल्या. अन्न राखणाऱ्या कुत्र्याची गुरगुर ऐकून ते हाडापासून जास्त मागे हटले. अनोळखी माणसाला पाहून केलेल्या गुरगुरीचा तेवढा परिणाम झाला नाही. म्हणजे कुत्र्यांना त्यातला फरक कळतो.

आपल्यावर कुत्रा गुरगुरला तर जागीच थांबा. डोळ्यांत डोळे घालू नका, पळू नका. अंग थोडं तिरकं करून सावकाश मागे सरका. तोंडातलं हाड हिसकावणं ही सगळ्यात मोठी चूक. त्याऐवजी त्याहून आवडीचा खाऊ दूर टाका आणि तो स्वतःहून उठेपर्यंत वाट पाहा.

गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारणं तर फार घातक. मारानं आवाज बंद होतो, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो सूचना न देता थेट चावतो. एरवी शांत असलेला कुत्रा हात लावताच गुरगुरू लागला, तर कान, दात किंवा सांधे दुखत असण्याची शक्यता असते; पशुवैद्याकडे न्या.

दात लागलाच, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. ओरखडा लहान असला तरीही.