शिवणीतली माया

(दृश्य: गोव्यातलं हणजूण, बुधवारच्या बाजाराची सकाळ. लाल मातीत बांबू रोवले जात आहेत. गाठोडी सुटत आहेत.)

कपडा हातात आला की माझी आई तो आधी उलटा करायची. डिचोलीच्या बाजारात दुकानदार फ्रॉक पसरून रंगाचं कौतुक सांगत असायचा आणि आई आतली शिवण वर काढून तिच्यावरून अंगठा फिरवत असायची. ती घरी शिवणकाम करायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "माया किती ठेवलीय?"

ज्यांनी शिलाई मशीनवर कधी पाय ठेवला नाही, त्यांच्यासाठी सांगते. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मूल वाढलं, अंग भरलं, की शिवण उसवायची, माया सोडायची, आणि तोच कपडा आणखी दोन वर्षं अंगात येतो. गेली बारा वर्षं मी जुने कपडे विकत घेते आहे. म्हापसा, हणजूण, मडगाव, कधी मुंबई. प्रत्येक ठिकाणी आईसारखा कपडा उलटा करते, आणि त्यामुळे पुष्कळदा विक्रेत्यांच्या कपाळावर आठ्या येतात.

(दृश्य: बाजार भरला आहे. समुद्राकडून येणारा वारा, टांगलेले स्कर्ट हलताहेत.)

हा बाजार जन्मला तोच जुन्या वस्तूंसाठी. सत्तरच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर राहिलेल्या हिप्पींचे पैसे संपत आले, की ते अंगावरची जीन्स, टेपरेकॉर्डर, कॅमेरा असं होतं नव्हतं ते मांडून बसायचे. कुणाला परतीच्या तिकिटाची सोय करायची असे, कुणाला आणखी एक महिना राहायचं असे. काही जण नुसती अदलाबदल करायचे. ही प्रथा सुरू करणाऱ्यांत एट फिंगर एडी या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन माणसाचं नाव घेतलं जातं. तो पुढं गोव्याचाच होऊन राहिला आणि २०१० साली इथंच वारला.

आज या बाजारात बहुतेक माल नवा आहे, हे मला सांगितलंच पाहिजे. छापील पायजमे, टी-शर्ट, चामड्याच्या पिशव्या. जुनं म्हणून मागाल तर मळका रंग देऊन जुनं केलेलंही हातात पडेल. पण थोडं थांबा. तो रॅपअराउंड स्कर्ट बघा, कमरेला गुंडाळून बांधायचा. दोन थर आहेत, वरचा जांभळा, आतला आंब्याच्या कोयरीचा, आणि दोन्ही बाजूंनी घालता येतो. काठ नीट निरखला तर लक्षात येईल की या दोन साड्या आहेत. कुणीतरी नेसलेल्या, निऱ्यांच्या जागी थोड्या विरलेल्या.

या साड्या इथवर कशा आल्या, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं आजोळ गिरगावात. दुपारी जेवणं आटोपली की चाळीच्या जिन्यात बोहारणीची हाक यायची. डोक्यावर टोपली, तिच्यात लखलखती स्टीलची भांडी. आजी जुने कपडे बाहेर काढायची आणि मग तासभर घासाघीस. बोहारीण प्रत्येक साडी उजेडाकडे धरून बघायची. कुठं विरली आहे, कुठं डाग आहे, काठ शाबूत आहे का. चार साड्या, दोन पँटी आणि वर एक शर्ट, तेव्हा कुठं एक पातेलं. जरीची साडी निघाली की सौद्याचा नूरच पालटायचा, कारण खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार असते आणि तिला सोन्याचा मुलामा. अशी साडी नेसायला कुणी घेत नाही. ती जाळून चांदी काढण्यासाठी जाते. आजीच्या एका शालूचं असं झालं. तिला ते माहीत होतं, आणि पातेलं घेऊन झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नव्हती.

या व्यापारात गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका पिढ्यान् पिढ्या आहेत. गोळा केलेल्या कपड्यांची त्या वर्गवारी करतात. धड असेल ते धुऊन, बटणं लावून गोरगरिबांच्या बाजारात, रेशमी साड्या स्कर्ट आणि उशांचे अभ्रे शिवणाऱ्यांकडे, सुती चिंध्या गॅरेज आणि कारखान्यांत यंत्रं पुसायला. कापडाची एवढी जाण असणारी माणसं मी फॅशनच्या दुकानांतून पाहिलेली नाहीत.

(दृश्य: लमाणी बाईंचे हात. आरशांचं काम.)

याच बाजारात कर्नाटकातून येणाऱ्या लमाणी बायका बसतात. त्यांच्यापुढच्या पिशव्यांवर जे भरतकाम शिवलेलं दिसतं, आरसे, कवड्या, दाट टाके, त्यांतले काही तुकडे जुन्या घागऱ्यांतून आणि ओढण्यांतून कापून घेतलेले असतात. बल्लारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे लमाणीच, भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. नवा तुकडा आणि जुना तुकडा शेजारी ठेवून बघा. जुन्यात दोरा सुती, रंग दबलेला, आणि मागच्या बाजूला गाठी क्वचितच दिसतात. भाव विचारताना हे लक्षात ठेवा, आणि जुन्या तुकड्याला उगाच पाडून मागू नका. तो घागरा कुणीतरी स्वतःसाठी, विकण्याचा विचारही न करता भरलेला असतो.

दुसऱ्याचे कपडे घालायचे? शी! हे मी घरातच ऐकलं आहे. मावशीकडून, शेजारच्या काकूंकडून. पण आपल्याकडे बाळ जन्मलं की त्याला आधी कशात गुंडाळतात? आजीच्या जुन्या लुगड्यात. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, त्याची दुपटी, त्याचीच झबली. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं म्हणून. देवपूजेला वडील जो मुकटा नेसतात, तो कित्येक घरांत आजोबांचा असतो. तिथं कुणाला शिसारी येत नाही. मला वाटतं, शिसारी परक्याची असते. मावशीला मी एवढंच सांगते की धुतलं, उन्हात टाकलं, की कापडातलं परकेपण बरंच जातं. तिला अजून पटलेलं नाही.

(दृश्य: जुन्या घरातलं कपाट. काचेच्या मुठी, आत पांढरी लेस.)

गोव्यातली कपाटं मात्र निराळी. भारताशी व्यवहार तुटले होते त्या पन्नाशीच्या दशकात इथं खनिजाच्या पैशावर परदेशी माल भरपूर येत होता. नायलॉनच्या साड्या, लेस, घड्याळं. सीमेपलीकडची, बांद्या-सावंतवाडीची माणसं त्या साड्यांची स्वप्नं बघत. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी कपाटांतलं सामान तिथंच राहिलं. पुढं तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, प्रत्येक फेरीत काहीतरी आणत राहिले. आता ही घरं विकली जातात, मुलं पोर्तुगालला किंवा इंग्लंडला, आणि कपाटं रिकामी होतात. काही कपडे जुन्या वस्तूंच्या दुकानांत जातात, काही प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या दानाच्या दुकानांत, काही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कडेला चादरीवर येऊन पडतात.

मला इथं एक गोष्ट खटकते. जुनं म्हणून आपण जे कौतुकानं विकत घेतो, ते ज्यांच्याकडे कपाट होतं त्यांचं. कुणबी बाईचं कापड, लाल-पांढऱ्या चौकड्यांचं, गुडघ्याच्या बेतानं नेसलेलं, खांद्यावर गाठ मारलेलं, ते शेतात चिखलात रोज वापरलं गेलं. फाटलं की त्याचं फडकं झालं, गोधडीत गेलं, संपलं. एका बाईकडे मोजकीच कापडं असत, मग ठेवायला उरणार कुठून? गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी या चौकड्यांची साडी विणकरांकडून पुन्हा विणून घेतली, म्हणून आज ती दुकानांत आणि लग्नांत दिसते. कोलवाळच्या आपल्या जुन्या घरात गोव्याच्या पोशाखांचं संग्रहालय उभं करण्याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. २०२० साली ते गेले. मी बारा वर्षं शोधते आहे. अंगावर वापरलेलं खरं जुनं कुणबी कापड मला एकदाच बघायला मिळालं, पेडण्याच्या एका घरात, गोधडीच्या आतल्या थरात. विकत मागायचं मला धाडस झालं नाही.

(दृश्य: म्हापसा, शुक्रवार. केळी, चुडे, सुकी मासळी, आणि पलीकडे कपड्यांचा ढीग.)

आता ढिगाकडे. ढिगात हात घालताना डोळे मिटले तरी चालतील. बोटांना आधी कळतं. सुती कापड थंड लागतं, पॉलिएस्टर गुळगुळीत आणि किंचित चिकट. खात्री करायची तर माल घेतल्यावर शिवणीच्या आतून एक धागा काढा आणि घरी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो, मागं मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास, आणि राख चिमटीत चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. आमच्या वडिलांच्या पिढीची टेरिकॉटची बेलबॉटम या परीक्षेत लगेच पकडली जाते. तरुण मुलं ती हौसेनं शोधतात, पण गोव्याच्या एप्रिलमध्ये ती घालून एकदा बघाच.

मग उलटा करा. कडा इंटरलॉक मशीनवर कापून बंद केलेली, आणि शिवणीपलीकडे जेमतेम बोटाच्या नखाएवढं कापड, तर तो कपडा घाईचा आहे. हातानं टाके घालून बंद केलेली कडा, घेराला दोन इंच दुमड, काखेत कळी जोडलेली, तर कुणीतरी बसून शिवलेला. चेन धातूची की नायलॉनची ते बघा. काखा आणि कॉलर वासासकट तपासा. कापड उजेडाकडे धरा, बोहारीण धरायची तसंच. रेशमी साडी असेल तर घडीच्या रेषा बघायच्या, कारण वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेली साडी तिथूनच चिरते. इरकल सापडली तर पदराच्या सांध्यावर बोट ठेवा. पदराचा ताणा आणि अंगाचा ताणा वेगळे असतात, आणि ते एकेक धाग्यानं अडकवून जोडलेले असतात. जुन्या इरकलीच्या पदरात खरं रेशीम असतं, पुढच्या काळात त्याची जागा नकली रेशमानं घेतली.

परदेशी जॅकेट आणि कोट यांच्याबद्दल थोडक्यात. घालण्याजोगे जुने कपडे भारतात परवान्याशिवाय आणता येत नाहीत. चिंध्या म्हणून येणाऱ्या मालावर आधी कातर चालवावी लागते. गुजरातेतल्या कांडला बंदरात कपड्यांच्या गाठी उतरतात, लोकरीचा माल पानिपतला जातो, तिथं तो पिंजून पुन्हा सूत आणि सुताच्या घोंगड्या होतात. मधूनच एखादा कोट कातरीतून सुटतो आणि आपल्या बाजारात येतो.

घरी आणल्यावर लगेच कपाटात ठेवायची घाई करू नका. ऊन. सगळ्यात आधी ऊन. रेशमाला सावलीतला वारा आणि रिठ्याचं पाणी. पावसाळ्यात तर मी खरेदीच करत नाही. जूनपासून चार महिने इथं पितळेवरही हिरवट थर चढतो, कपड्यांची काय कथा. बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की जात नाहीत, कुणी कितीही सांगो. वेखंडाचे तुकडे जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून घड्यांमध्ये ठेवले की कसर लागत नाही. ही आईची रीत. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र कापडात वर्षभर बसून राहतो.

(दृश्य: म्हापसा. बाजाराच्या मागच्या गल्लीत शिंप्याचं दुकान. मशीनवर पिवळा दिवा.)

गेल्या शुक्रवारी मला एक फ्रॉक मिळाला. निळ्या चौकटीचा, सुती, पुढं शिंपल्याची सहा बटणं, त्यातलं एक वेगळं. धुऊन धुऊन आभाळाच्या रंगाचा झालेला. कमरेत मला दोन बोटं कमी पडत होता. उलटा केला, तर दोन्ही बाजूंना चांगली इंच-इंच माया.

म्हापशातल्या या शिंप्याकाकांकडे मी नेहमी येते. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, ब्लेडनं शिवण अलगद उसवली आणि दुमडलेलं कापड बोटांनी सरळ केलं. आतून गडद निळ्या रंगाची पट्टी बाहेर आली. सगळा फ्रॉक एके काळी त्या रंगाचा होता. पट्टीच्या काठाशी आत्ता उसवलेल्या टाक्यांच्या भोकांची एक सरळ ओळ, आणि अर्ध्या इंचावर, फिक्या कापडात, आणखी एक. माझ्या आधीही कुणीतरी तो एकदा सोडून घेतला होता.

काका म्हणाले, "ही पट्टी दिसतली हां बाय. रंग मारूया?"

राहू दे, म्हटलं मी.

त्यांनी जुन्या दोऱ्याचे तुकडे फुंकून उडवले, सुईत निळा दोरा ओवला आणि पाय मशीनवर ठेवला.